समोरून येणारी माणसं

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक प्रश्न आला. चालायच्या ट्रॅकवर सगळ्यांनी एकाच दिशेने चालावं असा नियम करायचा का, होय किंवा नाही. खाली पटापट अंगठे पडायला लागले. मी 'नाही' म्हणाले, तर शेजारच्या बाईंनी लगेच विचारलं, "का हो, तुम्हाला काय त्रास?" त्रास मला काहीच नव्हता. पण कारण सांगायचं तर रामटेके काकांपासून सुरुवात करायला लागली असती, आणि ते ग्रुपवर मावणारं नव्हतं. म्हणून इथे सांगते.

गुरुग्रामला मी सहा वर्षं होते. विमा कंपनीतली बदली, नवरा पुण्यात, मुलगी हॉस्टेलवर, आणि चौदाव्या मजल्यावर मी. सात टॉवर, एक क्लब हाऊस, एक पोहण्याचा तलाव ज्यात कुणी पोहत नसे, आणि सगळ्याला वळसा घालून कंपाउंडच्या कडेने जाणारी एक पाऊलवाट. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिला 'नेचर ट्रेल' म्हटलं होतं. प्रत्यक्षात पाण्याच्या लाइनी टाकून झाल्यावर उरलेली ती मातीची पट्टी होती. दोन्ही बाजूंना कडुनिंब आणि कीकर, म्हणजे तिकडच्या बाभळी, मध्येच वर आलेली मुळं, आणि रुंदी एका माणसापुरती. समोरून दुसरं माणूस आलं की दोघांपैकी एकाला गवतात उतरावं लागे.

पहिल्याच आठवड्यात मी फोनवर बोलत त्या वाटेने चालले होते. समोरून एक गृहस्थ आले. सत्तरीचे, सडपातळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट, कडक इस्त्रीची पँट आणि पायात पॉलिश केलेले काळे बूट. सकाळी साडेसहाला. मला वाटलं, कुठे मुलाखतीला निघालेत की काय. ते झटकन गवतात उतरले, एक हात छातीशी नेला आणि दुसरा हात असा पुढे केला, जणू आपल्या घरात बोलावताहेत. "या, या. पुढे या."

अर्ध्या फेरीनंतर ते पुन्हा समोरून आले, कारण ते उलट्या बाजूने फिरत होते. पुन्हा गवतात उतरले. पण या वेळी हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही पुण्याच्या का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"फोनवर कुणाला तरी 'अगं, ठेव गं आता' म्हणालात. फोन ठेव म्हणायला इतके लाड पुण्यातच करतात."

मी हसले. ते हसले नाहीत. गंमत करून गंभीर राहण्याची त्यांना सवय होती, आणि समोरच्याला ती कळायला निदान महिना जायचा.

हेच रामटेके काका, भंडाऱ्याकडचे. चोविसाव्या वर्षी परीक्षा पास होऊन दिल्लीत आले ते छत्तीस वर्षं एका मंत्रालयात राहिले आणि अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले. सगळा संसार लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. खाली अंगण, शेजारी एक बंगाली, एक मल्याळी, वर एक आपला नांदेडचा. काकू खिडकीतून ओरडून मीठ मागायच्या आणि तीन घरांतून मीठ यायचं. "क्वार्टर सरकारचं असतं आणि शेजार आपला असतो," काका म्हणायचे, "पण परत एकाच तारखेला करावे लागतात." रिटायरमेंटनंतर दोन वर्षांत काकू गेल्या. बापाला आपली सोबत व्हावी म्हणून मुलाने गुरुग्रामला आपल्या ऑफिसजवळ सी टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, काकांना तिथे आणलं, आणि वर्षभरात कंपनीने मुलालाच कॅनडाला पाठवलं. राहिले काका, तीन बेडरूम आणि भिंतीवरचा टीव्ही.

हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं नाही. फेरीगणिक एक वाक्य, असं सांगितलं. वाटेवर भेट व्हायची ती तेवढीच, समोरासमोर आल्यावरची. पण वाक्य कुठे थांबलं होतं ते त्यांच्या बरोबर लक्षात असायचं. पुढच्या वळणावर ते "तर," असं म्हणून सुरू करायचे.

एकदा त्यांनी मला सरळच सांगितलं होतं. "दिवसभरात माझं बोलणं किती होतं सांगू ताई? दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. पेपर दाराखालून येतो. लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघतात. मुलगा रविवारी फोन करतो, पण त्याच्याशी तब्येतीचंच बोलणं होतं. ही वाट आहे म्हणून नमस्कार तरी होतात." मग कीकरची एक काटेरी फांदी छत्रीच्या टोकाने बाजूला सारत म्हणाले, "वाट अशीच पाहिजे. अरुंद. रुंद रस्त्यावर माणूस माणसाला चुकवतो. इथे एकाला थांबावंच लागतं."

मला त्या वेळी ते म्हातारपणचं बोलणं वाटलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या शहरात सकाळी माझ्याशी पहिला शब्द बोलणारं माणूस तेच होतं. रविवारी ते दिसले नाहीत तर मला दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं.

सोसायटीची उद्यान आणि क्रीडा समिती होती. अशा समितीवर कोण येतं? ज्याला वेळ आहे तो, किंवा ज्याला पार्किंग हवंय तो. काका पहिल्या प्रकारातले. मी तिसऱ्या प्रकारातली, म्हणजे जिला नाही म्हणता येत नाही. अध्यक्ष चड्ढा, नळ आणि बाथरूमच्या सामानाचे व्यापारी, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे. गर्ग नावाचा एक तरुण इंजिनिअर, जो प्रत्येक बैठकीला लॅपटॉपवर रंगीत चित्रं घेऊन यायचा. शाळेतून निवृत्त झालेल्या मिसेस नायर. काका आणि मी. पाच जण. सचिवाचं काम काकांकडे आपोआप गेलं, कारण सरकारी भाषेत अर्ज लिहिणं बाकी कुणाला जमत नव्हतं.

काकांनी आल्या आल्या प्रत्येक विषयाची फाइल उघडली. खरीखुरी, नाडी बांधायची. डाव्या बाजूला नोंदी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार. गर्ग म्हणाला, "अंकल, ये सब तो ग्रुप पे हो जाता है." काका म्हणाले, "बेटा, ग्रुप पे बात होती है. फाइल में फैसला होता है." गर्गने पुढच्या बैठकीला कौतुकाने त्यांना एक हिरव्या शाईचं पेन आणून दिलं. काकांनी ते टोपण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं आणि परत केलं. म्हणाले, हिरवी शाई जॉइंट सेक्रेटरी आणि त्यांच्या वरच्यांना. आपण अंडर सेक्रेटरी होतो, निळी बरी. गर्गला वाटलं, थट्टा करताहेत. पण ही थट्टा नव्हती.

फाइलवरून हसणारे आम्ही सगळेच, पण झोपाळ्याची गोष्ट झाल्यावर जरा गप्प झालो. मुलांच्या बागेतल्या झोपाळ्याची साखळी झिजली होती. मेंटेनन्सवाले म्हणत होते, चांगली आहे. काकांनी फाइलवर लिहायच्या आधी पाहणी करायचं ठरवलं. पाहणी म्हणजे पाहणी. शनिवारी संध्याकाळी पॉलिश केलेल्या बुटांसह ते झोपाळ्यावर बसले आणि भोवती उभ्या असलेल्या पोरांना म्हणाले, "धक्का मारो. जोर से." पोरं खिदळायला लागली. आया बाकांवरून उठून आल्या. काका गंभीर चेहऱ्याने वर जात होते, खाली येत होते, आणि मान वर करून साखळीकडे बघत होते. उतरल्यावर त्यांनी खिशातला रुमाल काढून हाताला लागलेला गंज पुसला, आणि तो रुमालच पुरावा म्हणून फाइलला टाचला. चौथ्या दिवशी नवी साखळी लागली.

दुसरी गोष्ट बाकांची. कुणीतरी समितीला लिहिलं की कामवाल्या बायका आणि ड्रायव्हर बागेतल्या बाकांवर बसतात, राहणाऱ्यांना जागा मिळत नाही, तरी त्यांना मनाई करावी. चड्ढांना हा विषय लवकर संपवायचा होता. "कर देते हैं जी, बोर्ड लगा देते हैं." काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "बिल्कुल लगा दीजिए. लेकिन बैठने से पहले कौन बैठ सकता है, ये जाँचने का एक फॉर्म लगेगा. मैं बना देता हूँ. पहला फॉर्म अध्यक्ष महोदय भरेंगे, नमूने के लिए." चड्ढा मोठ्याने हसले आणि म्हणाले, "छोड़ो यार, बैठने दो सबको." विषय तिथेच संपला. बाहेर पडल्यावर मी काकांना म्हटलं, छान केलंत. ते म्हणाले, "कुणी कुठे बसायचं, कुणी कुठलं पाणी प्यायचं, हा विषय आमच्या घरात फार जुना आहे ताई. माझ्या आजोबांना कुणी फॉर्मसुद्धा दिला नव्हता."

आणि खिरीची गोष्ट. बुद्धपौर्णिमेला लक्ष्मीबाई नगरात काकू पातेलंभर खीर करायच्या आणि अख्ख्या ब्लॉकमध्ये वाटायच्या. गुरुग्रामला आल्यावर पहिल्या वर्षी काकांनी स्वतः खीर केली, फोनवर बहिणीला विचारून विचारून, आणि ट्रे घेऊन टॉवरमध्ये दारोदार गेले. एका दारातून कॅमेऱ्यातला आवाज आला, "रख दीजिए, भैया." दुसऱ्या दाराने विचारलं, कुठल्या ॲपवरून. तिसऱ्या दाराने गार्डला फोन केला. पुढच्या वर्षी काकांनी शहाणपण केलं. पातेलं आणि कागदी ग्लास घेऊन सकाळी वाटेच्या वळणावर उभे राहिले. तिथे चुकवून जायला जागाच नव्हती. कुत्री फिरवणारे, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, घाम गाळणारी पोरं, सगळ्यांनी थांबून खीर खाल्ली. साडेआठपर्यंत पातेलं रिकामं झालं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. पातेलं काखेत मारून ते शीळ घालत घरी गेले.

आता चड्ढांचा एक किस्सा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. चड्ढांच्या खिडकीखाली एक बाक होता. तिथे पोरं आरडाओरडा करत. चड्ढांनी बाक हलवावा म्हणून समितीकडे अर्ज केला आणि अध्यक्ष म्हणून स्वतःच तो मंजूर करून टाकला. काका अस्वस्थ झाले. त्यांनी आठवडाभरात समितीची नियमावली लिहून काढली. त्यात एक नियम असा होता की ज्याचा अर्ज असेल त्या सदस्याने त्या विषयावर मत देऊ नये. दुसरा असा की मतं सारखी झाली तर अध्यक्षाचं मत निर्णायक. आम्ही सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. चड्ढांनी तर दोनदा केली, एकदा चुकीच्या जागी.

दोन वर्षांनी गर्ग एक नवं चित्र घेऊन आला. कच्ची वाट काढून तिथे निळा रबरी ट्रॅक. चार माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद. दिवे, मीटरच्या खुणा, आणि टक्कर होऊ नये म्हणून सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालायचं, तसे पांढरे बाण. वाईट काही नव्हतं त्यात. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल व्हायचा, एक बाई घसरून पडलीही होती. चित्र पाहून सगळे खूश झाले. काका चित्राकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी एकच विचारलं, "तो फिर सामने से कोई नहीं आएगा?"

"एग्जैक्टली, अंकल!" गर्ग म्हणाला.

निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा होता. मी काकांना वाटेवर गाठलं. म्हटलं, मी विरोधात मत देणार आहे, मिसेस नायरही देणार आहेत. तुमचं तिसरं झालं की संपलं. चिखल होतो तिथे फरशा घालू, पण वाट राहू दे. तुम्ही फक्त बैठकीत जोर लावून बोला.

"बोलणं बरोबर होणार नाही," काका म्हणाले. "मी तिथे सचिव आहे. खुर्चीत बसून स्वतःच्या सोयीचं कसं बोलायचं? जे आहे ते मी रीतसर लेखी देतो. अर्जाला उत्तर द्यावंच लागतं."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझी कॅब आली होती आणि नऊची मीटिंग होती.

बैठकीच्या दिवशी काकांनी फाइल उघडली आणि उजव्या बाजूला लावलेला चार पानी अर्ज वाचून दाखवला. सुवाच्य, निळ्या शाईत. जुन्या वाटेचे फायदे, मुद्देसूद. म्हाताऱ्यांना गुडघ्यांना माती बरी पडते. झाडं वाचतात. आणि शेवटचा मुद्दा असा की या वाटेवर रहिवासी एकमेकांना समोरासमोर भेटतात, आणि काही रहिवाशांना दिवसभरात दुसरीकडे कुणी भेटत नाही. खाली सही, 'आपला विनीत, एक रहिवासी'. वाचून झाल्यावर त्यांनी फाइल बंद केली, खुर्ची मागे सारली आणि उठून उभे राहिले.

"कहाँ चले जी?" चड्ढा म्हणाले.

"अर्जी मेरी है. मैं वोट नहीं दे सकता."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी मराठीत म्हटलं, "काका, अर्ज मागे घ्या. आत्ता घ्या. आणि बसा."

"वाचून झालाय ताई. नोंद झाली." ते बाहेर जाऊन पाण्याच्या कूलरशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. काचेतून दिसत होते. गुडघ्यांवर हात, पाठ ताठ.

हात वर झाले. गर्ग आणि चड्ढा बाजूने, मिसेस नायर आणि मी विरोधात. दोन आणि दोन. चड्ढा वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार उघडून बाहेर हाक मारली, "रामटेके जी, अंदर आ जाओ यार. डाल दो वोट. यहाँ कौन देखता है?"

"मैं देख रहा हूँ ना," काका बसल्या जागेवरून म्हणाले.

चड्ढांनी खांदे उडवले आणि निर्णायक मत दिलं. ट्रॅक मंजूर झाला. काका आत आले, खुर्ची पुढे ओढली आणि इतिवृत्त लिहायला बसले. अक्षर तसूभरही हललं नाही. अर्जदाराला कळवायचं सचिवाने, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःला पत्र लिहिलं. आपल्या अर्जाचा समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला, तथापि तो मान्य करता येत नाही. ते लिफाफ्यात घातलं, खाली जाऊन आपल्या टॉवरच्या पत्रपेटीत टाकलं, आणि संध्याकाळी किल्लीने पेटी उघडून काढून घेतलं. हे मला गार्डने सांगितलं. त्याला फार गंमत वाटली होती.

मला वाटली नाही. मी त्यांच्यावर भयंकर चिडले. पत्राच्या दुसऱ्या दिवशी वाटेवर भेटल्याबरोबर सुरू झाले. "एक हात वर करायचा होता, काका. फक्त एक! तो नियम चड्ढांसाठी होता. तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात."

ते गवतात उभे होते. म्हणाले, "छत्तीस वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आलो, ताई. आता माझी पाळी आली तर काय करू?" मग म्हणाले, "चूक झाली खरी. अर्ज तुमच्या नावाने करायला पाहिजे होता."

तेवढं बोलून ते पुढे गेले. हे त्यांना रात्रभर विचार करून सुचलं असणार हे मला दिसत होतं, आणि आता त्याचा उपयोग नव्हता.

दिवाळीनंतर ट्रॅक झाला. खोटं कशाला बोलू, पायांना छान वाटायचं. लोक वाढले. सगळे एका दिशेने, आपापल्या चालीने, कानात काहीतरी घालून. काकाही नियमाप्रमाणे बाणांच्या दिशेने चालायचे. त्यांची चाल हळू, त्यामुळे माणसं मागून यायची आणि पुढे निघून जायची. मी एकदा मागून जाऊन त्यांना गाठलं तर दचकले. "पाठी ओळखायला शिकतोय," म्हणाले. "चड्ढा साहेबांची ओळखू येते. बाकी सगळ्या सारख्याच." मी चार पावलं त्यांच्या बरोबर चालले. पण शेजारी चालताना काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही सुचेना. मग माझ्या घड्याळाने पावलांचा वेग कमी झाल्याचं सांगितलं, आणि मी पुढे निघून गेले. हे मला आजही लाजिरवाणं वाटतं.

डिसेंबरात एका सकाळी पाहिलं तर काका उलटे येत होते. बाणांच्या विरुद्ध. शर्ट, स्वेटर, मफलर, काळे बूट, आणि हात छातीशी. ज्या माणसाने स्वतःच्या फायद्याचं एक मत दिलं नाही, तो भर ट्रॅकवर नियम मोडून चालत होता. चेहरा मात्र फुललेला. "नमस्कार! नमस्कार जी! या, पुढे या!" काही लोक कानातलं काढून हसले. एका मुलीने थांबून त्यांना नमस्कार केला. पण एका धावणाऱ्याची धडक बसता बसता राहिली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांचा मागून काढलेला फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, या अंकलना कुणीतरी बाण दाखवा. त्यावर हसरे चेहरे पडले. गार्डने येऊन हात जोडले, "अंकल जी, मेरी नौकरी का सवाल है." काका लगेच वळले.

त्यानंतर मला ते चालताना दिसलेच नाहीत. मला वाटलं, फिरणं सोडलं. मग एक दिवस पाहिलं, तर ते वळणाच्या बाहेरच्या कडेला, जाळीलगत गवतावर उभे होते, येणाऱ्यांकडे तोंड करून. मी थांबून विचारलं, "काका, इथे का उभे?"

"नियमावली पुन्हा वाचली," ते म्हणाले. "चालण्याची दिशा ठरलेली आहे. उभं राहण्याची नाही." आणि नेहमीसारखे गंभीर राहिले. मी हसले, पण या वेळी ती गंमत होती की नव्हती हे मला कळलं नाही.

फेब्रुवारीत माझी पुण्याला बदली झाली. आदल्या दिवशी काकांना भेटायचं ठरवलं होतं, पण सामान बांधणारे रात्रीपर्यंत हलले नाहीत. म्हटलं, सकाळी ट्रॅकवर भेटतीलच. सकाळी कॅब ठरल्या वेळेच्या आधी आली आणि विमानाची वेळ डोक्यावर. गेटबाहेर पडून गाडी कंपाउंडच्या जाळीला लागून चालली होती. पुढे शाळेच्या बस अडकल्या आणि ड्रायव्हरने बरोबर त्या वळणापाशी ब्रेक मारला.

धुकं होतं, पण जाळीतून काका स्पष्ट दिसले. पाच हातांवर असतील. रस्त्याकडे पाठ, ट्रॅककडे तोंड. धुक्यातून एक जण आला, कानात वायरी. काकांचा हात छातीशी गेला. तो निघून गेला, हात खाली आला. दोघी आल्या, एकीच्या हातातल्या फोनमध्ये दोघींची डोकी. हात वर गेला, खाली आला. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. काका मान थोडी पुढे काढून बाणांच्या मागच्या टोकाकडे बघत राहिले.

मी काच खाली केली आणि ओरडले, "काका! रामटेके काका!" तेवढ्यात मागच्या बसने हॉर्न लावून धरला. पुढची रांग सुटली होती. "मैडम, चलूँ?" ड्रायव्हरने विचारलं. मी पुन्हा हाक मारली.

धुक्यात कुणाची तरी चाहूल लागली असावी. त्यांनी मफलर सारखा केला, हात छातीशी नेला आणि समोर बघून म्हणाले, "या, या. पुढे या." मी त्यांना मागून हाका मारत होते.